दगड फोडायची यंत्रं कशी निवडावीत: खडीचं माप आणि ताशी टनांचा हिशेब

क्रशर घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो हा: "ताशी किती टन?" विक्रेता एक आकडा सांगतो, त्यावर भाव ठरतो आणि यंत्र येऊन बसतं. मग आरएमसी (तयार काँक्रीट पुरवणाऱ्या) प्लँटचा माणूस म्हणतो, मला २० मिमी खडी हवी, १० मिमी हवी आणि क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू हवी. तिथून खरी धावपळ सुरू होते. 'ताशी २०० टन' हा आकडा खोटा नसतो, अर्धा असतो. यंत्राची खालची फट किती ठेवून, केवढा दगड टाकून आणि कुठल्या मापाचा माल मोजून २०० टन, हे कळल्याशिवाय त्या आकड्यावर काहीच ठरवता येत नाही.

मुंबईत तर हे जास्तच जाणवतं. इथला दगड म्हणजे दख्खनचा काळा बेसाल्ट. ठाणे, रायगड, पालघर या जिल्ह्यांतल्या खाणींतून निघणारा हा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. त्यातला ताजा, घट्ट थर फोडायला फार कठीण. त्याच खाणीत मध्येच पोकळ्या भरलेला मऊ थर लागतो, कधी तांबड्या मातीसारखा पट्टा लागतो. राजस्थानातल्या किंवा कर्नाटकातल्या चुनखडीवर यंत्राने दाखवलेली क्षमता या दगडावर तशीच्या तशी मिळेल असं धरून चालू नका.

या लेखात मी सुरुवात उलट्या टोकाने करणार आहे. आधी गिऱ्हाईक आणि खडीचं माप, आणि मगच यंत्रं: मोठा दगड दोन जबड्यांत दाबून फोडणारा जॉ क्रशर, त्याच्या मालाची खडी करणारा कोन क्रशर आणि खडीची वाळू करणारा व्हीएसआय.

पहिली पायरी: काय विकायचं ते टनांत लिहून काढा

एक उदाहरण घेऊ. एका आरएमसी प्लँटला दिवसाला ४०० घनमीटर काँक्रीट करायचं आहे. एम-३० (काँक्रीटच्या मजबुतीचा एक दर्जा) सारख्या मिश्रणात एका घनमीटरला साधारण ७०० किलो २० मिमी खडी, ४७० किलो १० मिमी खडी आणि ८०० किलो क्रश सँड लागते. प्रत्येक प्लँटचं मिक्स डिझाइन वेगळं असतं, पण अंदाजाला हे आकडे चालतात. म्हणजे दिवसाला सुमारे २८० टन २० मिमी, १९० टन १० मिमी आणि ३२० टन वाळू. एकूण ७९० टन.

आता तास मोजा. दहा तासांची पाळी धरली तरी यंत्र दहा तास भरून चालत नाही. डंपरची वाट पाहणं, मोठा दगड अडकणं, जाळी बदलणं, जेवणाची सुट्टी यात वेळ जातो. आठ तास प्रत्यक्ष काम झालं तर ते चांगलं. ७९० भागिले ८, म्हणजे ताशी जवळपास १०० टन विकाऊ माल. त्यात मुरूम, माती आणि नको असलेला चुरा मिळवा, थोडी ढील ठेवा. आपलं खरं माप ताशी १२५ टन झालं.

हा आकडा ब्रासमध्ये बोलायची सवय सगळ्यांनाच आहे, म्हणून रूपांतर डोक्यात असू द्या. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. बेसाल्टची सुटी खडी एका घनमीटरला साधारण १.५ ते १.६ टन भरते, तेव्हा ब्रासला सव्वाचार ते साडेचार टन पडतात. क्रशरचे तक्ते बहुतेक वेळा १.६ टन प्रति घनमीटर सुट्या वजनाच्या दगडावर बेतलेले असतात. विक्रेता ब्रास म्हणतो की टन, हे पहिल्याच वाक्यात विचारा, आणि हिशेब शेवटी वजनकाट्यावरच करा.

मापं मागताना मिलिमीटरमध्ये मागा. एक नंबर, दोन नंबर, पाऊण इंची असं म्हटलं की प्रत्येक खाणीचं माप वेगळं निघतं. भारतीय मानक आयएस ३८३ प्रमाणे एकाच मापाच्या २० मिमी खडीचा ८५ ते १०० टक्के माल २० मिमी चाळणीतून खाली जायला हवा, आणि १० मिमी चाळणीतून २० टक्क्यांपेक्षा जास्त जाता कामा नये. ४.७५ मिमीखालचा माल ५ टक्क्यांच्या आतच हवा. म्हणजे '२० मिमी खडी' ही एक ठरलेली पट्टी आहे. यंत्राने त्या पट्टीत किती टन दिले, तीच तुमची क्षमता.

दुसरी पायरी: बारीक माल महाग का पडतो ते समजून घ्या

इथे थोडं थांबतो, कारण यंत्रांमधला फरक या एका गोष्टीतून उलगडतो.

फ्रेड बाँड यांनी १९५२ मध्ये दगड फोडायला किती ऊर्जा लागते याचं एक सूत्र मांडलं. आजही अंदाजासाठी तेच वापरतात. दगडाचा एक निर्देशांक धरायचा: बाँड यांच्या तक्त्यात बेसाल्टला सुमारे २०, ग्रॅनाइटला १४ च्या आसपास आणि चुनखडीला ११-१२. त्याला १० ने गुणायचं. मग आलेल्या आणि निघालेल्या मालाचं माप मायक्रॉनमध्ये घेऊन त्यांच्या वर्गमुळांच्या व्यस्तांमधला फरक काढायचा आणि त्याने गुणायचं. हिशेब करून पाहा. ६०० मिमीचा बेसाल्ट १०० मिमीवर आणायला टनाला सुमारे ०.३७ युनिट वीज लागते. १०० वरून १६ मिमीवर आणायला ०.९५ युनिट. आणि १६ वरून २ मिमीच्या वाळूवर आणायला जवळपास २.९ युनिट.

हे कागदावरचे आकडे आहेत. मोटर, बेल्ट, जाळ्या धरल्यावर प्रत्यक्ष बिल बरंच जास्त येतं. पण प्रमाण तेच राहतं: मोठ्या दगडाची खडी करणं स्वस्त, खडीची वाळू करणं महाग. म्हणूनच जॉ क्रशर थोड्या विजेत शेकडो टन देतो आणि त्याहून मोठी मोटर असलेलं वाळूचं यंत्र मोजके टन देतं. दोघांची 'ताशी टन' म्हणून तुलना करणंच चुकीचं आहे. चुनखडीवरचा अनुभव इथे का चालत नाही, तेही याच निर्देशांकातून दिसतं.

तिसरी पायरी: जॉ क्रशर तोंडाच्या मापावर घ्या

जॉ क्रशरला दोन मापं असतात. वरचं तोंड किती मोठा दगड घेईल ते ठरवतं. खालची फट, जिला सेटिंग म्हणतात, ती काय बाहेर पडेल आणि किती पडेल हे दोन्ही ठरवते. फट वाढवली की टन वाढतात आणि माल जाडा होतो. फट आवळली की माल बारीक होतो आणि टन घसरतात. एकच यंत्र एकाच दिवशी दोन वेगळ्या क्षमतांचं असू शकतं ते असं.

दगडाची मोठी बाजू तोंडाच्या लहान बाजूच्या ८० टक्क्यांपेक्षा मोठी नको. सुरुंगानंतर खाणीतून ६०० मिमीचे दगड येणार असतील तर तोंड किमान ७५० मिमी लागतं. म्हणजे साधारण १००० × ७५० चा, बाजारात ४२ × ३० इंची म्हणतात त्या वर्गातला जॉ. हा जॉ १०० मिमी सेटिंगवर ताशी अंदाजे १७५ ते २५० टन देतो. आपल्याला हवेत १२५. तोंडासाठी मोठं यंत्र घ्यावं लागलं आणि क्षमता उरली.

बरेच जण इथे पैसे वाचवायला ३६ × २४ चा जॉ घेतात. तो ४८० मिमीपर्यंतचाच दगड घेतो. सेटिंग ७५ ते १०० मिमी ठेवली तर ताशी ८० ते १४० टनांच्या घरात देतो. खाणीत ब्रेकर लावून दगड आधी फोडून घेणार असाल तर हा मार्गही ठीक आहे, पण ब्रेकरचं डिझेल आणि वेळ हिशेबात धरा. माझं मत मोठ्या तोंडाच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण पुढच्या पायरीत येईल.

जॉमधून निघालेला सगळा माल सेटिंगएवढा नसतो. १०० मिमी सेटिंगवर चपटे, लांबट तुकडे १५०-१६० मिमीपर्यंतही निघतात, आणि आपला बेसाल्ट तसा फुटण्यात पटाईत. हे तुकडे पुढच्या यंत्राच्या तोंडात मावायला हवेत.

सेटिंग मोजायची ती यंत्र थांबवून, मुख्य स्विच काढून, कुलूप लावून. एका प्लेटच्या उंचवट्यापासून समोरच्या प्लेटच्या खाचेपर्यंत मोजायचं की उंचवट्यापर्यंत, हे कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, तेच पाळा. दोघांनी वेगवेगळ्या पद्धतीने मोजलं तर आकडे कधीच जुळणार नाहीत.

आपल्याकडच्या जुन्या प्लँटमध्ये दुसऱ्या टप्प्यालाही अरुंद तोंडाचा जॉ असतो, त्याला ग्रॅन्युलेटर म्हणतात. ३६ × ८, ४२ × ८ इंची अशी त्याची मापं. भांडवल कमी लागतं, दुरुस्ती कुठलाही फिटर करतो. पण खडी चपटी निघते. पायाखालच्या भरावाला किंवा सोलिंगच्या कामाला चालेल. आरएमसीला द्यायची असेल तर त्यावर थांबू नका.

चौथी पायरी: कोन क्रशरमध्ये परत फिरणारा माल धरा

दुसऱ्या टप्प्याला बेसाल्टसाठी कोन हेच यंत्र. आत फिरणारा मँटल, बाहेर स्थिर काँकेव्ह, आणि दोघांच्या फटीत दगड दाबून फुटतो. इम्पॅक्टर (दगडावर जोरात आघात करून फोडणारं यंत्र) एका झटक्यात दगड खूप बारीक करतो आणि खडीचा आकारही छान देतो, पण बेसाल्टवर त्याचे ब्लो बार, म्हणजे आघात करणाऱ्या पट्ट्या, फार लवकर झिजतात. चुनखडीला किंवा पुनर्विकासात पाडलेल्या इमारतींच्या काँक्रीटला मात्र तो उत्तम.

आता हिशेब. जॉमधून १६० मिमीचे तुकडे येणार असतील तर कोनचं तोंड २०० मिमी हवं. मध्यम आकाराच्या कोनला एवढं तोंड मिळत नाही, मोठा घ्यावा लागतो. इथे जॉची उरलेली क्षमता कामाला येते. सेटिंग १०० वरून ७५ वर आणा. जॉ तरीही ताशी १३०-१८० टन देईल, म्हणजे आपले १२५ सुटतात, आणि मोठ्यात मोठा तुकडा १२० मिमीच्या आसपास येतो. १५० मिमी तोंडाचा कोन पुरतो. मोठ्या तोंडाच्या जॉवर खर्चलेल्या पैशांतला बराच भाग इथे परत येतो.

कोनची सेटिंग २० मिमीच्या आसपास ठेवली तरी बाहेर पडणाऱ्या मालातला पाव ते एकतृतीयांश भाग २० मिमीच्या वर राहतो. तो जाळीवरून परत कोनमध्ये येतो. नवा माल ताशी १०० टन असेल तर कोनमधून प्रत्यक्षात १३०-१५० टन जातात. तक्त्यातली क्षमता ही आत गेलेल्या एकूण मालाची असते. '१०० टनांचा कोन' घेऊन ताशी १०० टन २० मिमी खडी मिळेल अशी अपेक्षा ठेवली तर प्लँट कायम तुंबलेला राहील. कोन निवडताना मी सगळ्यात आधी हीच गोष्ट तपासतो.

कोन नेहमी भरलेला चालवायचा. अर्धवट भरलेल्या कोनमध्ये दगड दगडावर घासत नाही, चपट्या खपल्या वाढतात आणि लायनर (आतलं बदलता येणारं लोखंडी अस्तर) एकाच पट्ट्यात झिजतो. त्यासाठी कोनच्या आधी छोटा साठा हॉपर आणि वेग बदलता येणारा फीडर लावा. या एका बदलाने खडीचा आकार जेवढा सुधारतो तेवढा महागड्या लायनरनेही सुधारत नाही. शिवाय खडीला सगळ्यात चांगला आकार सेटिंगच्या जवळपासच्या मापातच मिळतो. २० मिमी हवी असताना सेटिंग ३५ वर ठेवून टन वाढवायचा मोह टाळा.

कोनची फट मोजायला शिशाचा गोळा तारेला बांधून रिकाम्या चालत्या कोनमध्ये सोडतात, दाबला गेल्यावर वर काढून त्याची जाडी मोजतात. हे काम प्रशिक्षित माणसाचंच. आत दगड नाही याची खात्री केल्याशिवाय वरून वाकून पाहणंही धोक्याचं. मँटलचं मँगनीज स्टील झिजत जातं तशी फट आपोआप वाढते, म्हणून दर पाळीला एकदा तरी मोजमाप व्हायला हवं.

पाचवी पायरी: व्हीएसआयची क्षमता वाळूत मोजा

नदीपात्रातल्या आणि खाडीतल्या रेतीवर निर्बंध आल्यापासून मुंबईचं काँक्रीट क्रश सँडवरच उभं आहे. ती बनवायला व्हीएसआय, म्हणजे व्हर्टिकल शाफ्ट इम्पॅक्टर, लागतो. उभ्या शाफ्टवरचा रोटर दगड सेकंदाला ४५ ते ७५ मीटर वेगाने बाहेर फेकतो, तो दगडाच्याच थरावर किंवा लोखंडी ठोकळ्यांवर आदळून फुटतो. बेसाल्टला दगडावर दगड ही पद्धत बरी. चुरा थोडा कमी होतो, पण झीज आवाक्यात राहते आणि खडी गोलसर निघते.

आपलं उदाहरण पुढे नेऊ. जॉ आणि कोन मिळून १०० टनांत साधारण ५० टन १० ते २० मिमीचा माल, २७-२८ टन १० मिमीच्या गटातला आणि २२ टन ४.७५ मिमीखालचा देतात. गिऱ्हाइकाला वाळू हवी ४० टन. कमी पडली १८-२० टन. व्हीएसआयमधून एकदा गेलेल्या बेसाल्टच्या खडीचा २५ ते ४० टक्के भागच वाळूच्या मापात येतो. ३० टक्के धरा. २० टन वाळूसाठी ताशी ६५-७० टन माल व्हीएसआयमधून जायला हवा.

म्हणजे 'ताशी ७० टनांचा व्हीएसआय' तुम्हाला २० टन वाळू देतो. विक्रेत्याच्या कागदावरचे ७० टन हे आत टाकलेल्या मालाचे. वाळूचा स्वतंत्र आकडा तुमच्याच दगडावर चाचणी घेऊन मागा. यातला फायदा असा की जवळपास सगळी मोठी खडी एकदा व्हीएसआयमधून जाते, तिचे कोपरे मोडतात आणि चपट्या खपल्यांचं प्रमाण खाली येतं. आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीत चपट्या आणि लांबट तुकड्यांची एकत्रित मर्यादा ४० टक्के आहे. रस्त्याच्या डांबरी कामांना ती याहून कडक लागते. पंपाने चढवायच्या काँक्रीटला तर गोलसर खडी मिळाली की पाणी आणि सिमेंट दोन्ही वाचतात.

क्रश सँडमध्ये ७५ मायक्रॉनखालचा चुरा १५ टक्क्यांपर्यंतच चालतो. जास्त असेल तर हवेने उडवून किंवा पाण्याने धुऊन काढावा लागतो. धुतलेल्या वाळूला चिखलाचं पाणी साठवायची जागा लागते, आणि मुंबईच्या आसपास जागा हीच सगळ्यात महाग गोष्ट. जागा नसेल तर हवेचा वर्गीकारक घ्या.

जाळी आणि पावसाळा

क्रशर मोठा आणि जाळी छोटी, ही जोडी मी फार ठिकाणी पाहिली आहे. जाळी पुरी पडली नाही की बारीक माल परत कोनमध्ये जातो आणि कोन उगाच भरतो. तिरप्या जाळीवर २० मिमी माल हवा असेल तर छिद्र २२-२४ मिमीचं घ्यावं लागतं, कारण तिरपेपणामुळे दगडाला छिद्र लहान भासतं.

जून ते सप्टेंबर मुंबईतला प्लँट वेगळाच असतो. ओली माती चिकटून बारीक छिद्रं बुजतात, कोनमध्ये माल गच्च बसतो. जॉच्या आधी ग्रिझली, म्हणजे जाड सळ्यांची चाळण, लावून मुरूम आणि बारीक माती बाजूला काढणं हा यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. वाळू चाळणाऱ्या थराला रबर किंवा पॉलियुरेथेनची जाळी घ्या, आणि उन्हाळ्यात साठा करून ठेवा. गर्दीच्या वेळी शहरात अवजड गाड्यांना बंदी असल्यामुळेही साठ्याची जागा लागतेच.

धुळीसाठी पाण्याचे फवारे, बंदिस्त जाळ्या आणि वाऱ्याची भिंत लागते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जुलै २०२३ मध्ये दगड क्रशरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्या आराखडा काढतानाच समोर ठेवा, कारण नंतर पत्रे ठोकायला लागलं की बेल्टच्या जागाच बदलाव्या लागतात. शेजारच्या वस्तीतली मुलं ती धूळ श्वासात घेतात, त्यामुळे हा खर्च टाळण्याचा विचारही करू नये.

शेवटची पायरी: पैसे देण्याआधी मोजून घ्या

करारात 'ताशी १२५ टन' एवढंच लिहू नका. कुठला दगड, जास्तीत जास्त केवढा, जॉची आणि कोनची सेटिंग किती, आणि २० मिमी, १० मिमी, वाळू यांचे वेगवेगळे टन किती, हे सगळं लिहा. लायनर नवे असतानाची आणि अर्धे झिजल्यानंतरची अशा दोन चाचण्या ठेवा.

चाचणी सोपी आहे. प्लँट तासभर एकसारखा चालू द्या. मग बेल्ट एकदम थांबवा, स्विचला कुलूप लावा आणि बेल्टवरच्या बरोबर एक मीटर लांबीतला सगळा माल, चुऱ्यासकट, गोळा करून तोला. समजा तो २३ किलो भरला आणि बेल्टचा वेग सेकंदाला १.५ मीटर आहे. २३ गुणिले १.५ म्हणजे सेकंदाला ३४.५ किलो, त्याला ३.६ ने गुणलं की ताशी १२४ टन. असं प्रत्येक मालाच्या बेल्टवर वेगळं करा, कमीत कमी तीनदा, आणि तोच नमुना चाळणीवर घालून माप तपासा. २० मिमीच्या बेल्टवरचा १० मिमीखालचा माल २० टक्क्यांच्या वर निघाला तर आधी जाळी पाहा, ती फाटलेली किंवा बुजलेली नसेल तर मग कोनच्या सेटिंगकडे वळा.